नादलुब्ध मृग : एका काव्यसंकेताची चिकित्सा

पारध्याच्या गाण्याला भुलून मृत्युमुखी पडणारे हरीण हे भारतीय वाङ्मयातील अतिशय रुळलेले उपमान होय. हरीण नादाने, हत्ती स्पर्शाने, पतंग रूपाने, मासा रसाने आणि भुंगा गंधाने नाश पावतो. मग पाचही इंद्रियांच्या आहारी गेलेल्या मनुष्याची काय कथा, हा युक्तिवाद आचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त आहे आणि भागवताच्या अकराव्या स्कंधातील अवधूताच्या गुरुपरंपरेत तो अधिक विस्ताराने आला आहे. तेथे आठव्या अध्यायात हरीण हे यतीचा गुरू ठरते. यतीने ग्राम्य गीत ऐकू नये हा धडा ते आपल्या मरणाने शिकविते, आणि लगेच हरिणीपोटी जन्मलेल्या ऋष्यशृंगाचे उदाहरण पुस्तीस जोडले जाते. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’त, अकराव्या सर्गात, बोधिसत्त्व मगधराजाला कामोपभोगाचे दोष सांगतो तेव्हाही गीताने वधस्थानी ओढली जाणारी हरणे आणि गळ गिळणारा मासा त्याच्या मुखी आहेत. मराठीत हे उपमान प्रामुख्याने एकनाथांच्या भागवतटीकेतून (ही टीका १५७३ मध्ये वाराणसीस पूर्ण झाली) व पुढे कीर्तनपरंपरेतून घरोघरी पोहोचले.

या उपमानाचा अर्थ सर्वांनी लावला. परंतु त्यातील वस्तुस्थितीचा प्रश्न सहसा कोणी विचारला नाही. पारधी हरणास खरोखर गाऊन बोलावतो काय? बोलावीत असल्यास काय ऐकवून बोलावतो? आणि हरीण येते ते कशासाठी? प्रथमदर्शनी हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाचा नव्हे असे वाटेल. प्रस्तुत लेखाचा हेतू तो साहित्याच्याच अभ्यासकाचा आहे असे दाखविण्याचा आहे; कारण त्याचे उत्तर मिळताच उपमानातील दोषाचा भार एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे सरकतो.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयाची कल्पना मांडली आहे. शास्त्रात नाही, लोकव्यवहारात नाही, परंतु कवींच्या परंपरेने चालत आलेला अर्थ तो कविसमय. चांदणे पिणारा चकोर या वर्गात निःसंशय मोडतो. नादलुब्ध मृगासही त्याच वर्गात टाकून मोकळे होता आले असते. पण तसे करणे चूक होईल. हरीण आवाजाने बोलावता येते ही गोष्ट खरी आहे, आणि शिकारीच्या कलेत तिला मोठे स्थान आहे. खोटे आहे ते एवढेच, की ते संगीताच्या गोडीने येते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर, आणि विशेषतः १९९१ च्या दुरुस्तीनंतर, हौसेची शिकार कायद्याने उरलेली नाही. म्हणून या कलेची जिवंत उदाहरणे परदेशांतूनच घ्यावी लागतात. जर्मनीत रो जातीच्या लहान हरणाचा माज जुलैअखेर व ऑगस्टच्या आरंभी असतो. त्या दिवसांत शिकारी बीच वृक्षाचे पान दोन्ही हातांत ताणून ओठांशी धरतो आणि त्यावर फुंकर घालून मादीच्या बारीक हाकेची नक्कल करतो. या पानावरूनच त्या शिकारीस तिकडे ‘पानाची शिकार’ अशा अर्थाचे नाव पडले आहे. आवाजाचे प्रकारही ठरलेले आहेत. एक हाक माजावरील मादीची; दुसरी पिलाची, तिने पिलाची आई येते आणि आईच्या मागोमाग नर येतो. लाल हरणाच्या बाबतीत रीत निराळी. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याचे नर डरकाळ्या फोडून एकमेकांस आव्हान देतात. शिकारी बैलाच्या शिंगातून वा मोठ्या शंखातून तशीच डरकाळी काढतो आणि प्रतिस्पर्धी आला असे समजून रानाचा धनी बाहेर पडतो. डॉर्टमुंड येथील शिकारविषयक प्रदर्शनात या डरकाळीच्या नकलेची राष्ट्रीय स्पर्धा भरते, हे आमच्याकडील पाठांतरस्पर्धा पाहिलेल्या वाचकास मौजेचे वाटेल.

उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणाकरिता जी युक्ती करतात ती याहून नाट्यमय आहे. या हरणांची शिंगे दरवर्षी गळून पडतात. शिकारी ती रानातून वेचून ठेवतो आणि माजाचा काळ जवळ आला, की झुडपाआड बसून दोन शिंगे एकमेकांवर आपटतो, घासतो, गुंतवून पिरगाळतो. दोन नर झुंजत असल्याचा तो खडखडाट असतो. जाणता शिकारी तेवढ्यावर थांबत नाही. तो मध्येच जमीन खरवडतो, फांद्या मोडतो, झुडूप झोडपतो, कारण झुंजणारी जनावरे नुसती शिंगेच वाजवीत नाहीत. टेक्सास ही या विद्येची प्रसिद्ध भूमी. दक्षिण टेक्सासमधील वेल्डर वन्यजीव आश्रयस्थानात १९९० नंतरच्या वर्षांत हा खडखडाट पद्धतशीरपणे करून पाहण्यात आला, तेव्हा हलक्या आवाजापेक्षा मोठ्या आवाजाला अधिक नर आले. याखेरीज नराचा घोगरा हुंकार, मादीची हाक आणि संकटात सापडलेल्या पाडसाचा टाहो यांच्याही नकला करतात. शेवटच्या नकलेने धावून येतात त्या माद्या.

येथे एक बारकावा नोंदला पाहिजे, कारण पुढील विवेचन त्यावर अवलंबून आहे. आवाज ऐकून निघालेला वयस्क नर बहुधा सरळ येत नाही. तो दुरून वळसा घेतो आणि आवाजाच्या जागेवरून येणारा वारा आपल्या नाकाशी लागेल अशा बाजूस जातो. तेथे माणसाचा वास आला, की तो आल्या पावली नाहीसा होतो. म्हणजे हरीण कानाने ऐकते, पण विश्वास ठेवते तो नाकावर. पाच प्राण्यांना पाच इंद्रिये वाटून देणाऱ्या श्लोकात हरणाच्या वाट्याला एकटा कान आला आहे. रानातल्या हरणाला ही वाटणी मान्य नाही.

संगीताने हरीण मोहते ही समजूत केवळ भारतीय नव्हे. ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाच्या नवव्या भागात हरणे गाण्याने व पाव्याने पकडतात असे सांगितले आहे. एकाने गावे वा वाजवावे, दुसऱ्याने मागून जावे, आणि हरणाचे कान खाली पडले असतील तेव्हाच त्यास गाठावे, असा तपशीलही आहे. त्याच ग्रीसमध्ये त्याच्या आधीच्या पिढीतील झेनोफोन याने शिकारीवर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात पाव्याचा मागमूस नाही. पाडस धरले म्हणजे ते ओरडते. ते पाहून व ऐकून हरिणी धरणाऱ्याच्या अंगावर धावून येते. तोच तिच्यावर कुत्री सोडण्याचा व भाला चालविण्याचा क्षण, असे तो थंडपणे सांगतो. एकाच्या नोंदीत मोहणारे कान आहेत, दुसऱ्याच्या नोंदीत आई आहे. झेनोफोन स्वतः शिकारी होता, आणि ते त्याच्या नोंदीत दिसते.

आपल्याकडील जुन्या लेखनातही झेनोफोनच्या जातीचा पुरावा नाही असे नाही. ‘मज्झिमनिकाया’तील एकोणिसाव्या सुत्तात, ‘द्वेधावितक्क’ सुत्तात, बुद्धांनी एक दृष्टांत दिला आहे. हरणांचा कळप, त्याचे अनहित चिंतणारा एक मनुष्य, तो सुखरूप वाट बंद करतो, धोक्याची वाट उघडतो आणि कळपास भुलविण्यासाठी पाळलेला एक नर व पाळलेली एक मादी तेथे ठेवतो. पुढे नर म्हणजे आसक्ती व मादी म्हणजे अविद्या असे रूपक उलगडले आहे. रूपक बाजूस ठेवले, तर हाती राहते ती पारध्याची खरी रीत. हरणास हरणानेच बोलवायचे.

सुमारे दोन हजार वर्षांनंतर अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त हीच रीत अधिक तपशिलाने लिहून ठेवली. शिकवून तयार केलेल्या काळविटाच्या शिंगांवर जाळे बसवून त्याला रानातल्या कळपाकडे सोडीत. रानातला नर आपल्या हद्दीत शिरलेल्या या परक्यावर चालून येई. झुंजीत त्याचे शिंग, पाय वा कान जाळ्यात अडके आणि दबा धरून बसलेली माणसे धावून त्यास पकडीत. टेक्सासमधला शिंगांचा खडखडाट आणि बादशाही शिकारखान्यातले हे काळवीट यांत तत्त्वाचा काहीच फरक नाही. दोन्हीकडे आमिष एकच, प्रतिस्पर्ध्याची चाहूल. जहांगिराने मनसराज नावाचे असेच एक आवडते काळवीट मेल्यावर त्याची कबर बांधविली. शेखुपुऱ्याचा हिरन मीनार आजही त्याच्या नावाने दाखवितात. ज्याच्या साहाय्याने त्याच्याच जातीची जनावरे पकडली, त्याचे एवढे स्मारक इतरत्र क्वचितच असेल.

मग प्रत्यक्ष रीत ठाऊक असताना वाङ्मयात गाणे कोठून आले? याचे उत्तर पाच प्राण्यांच्या त्या चौकटीतच शोधावे लागते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. भागवतातील हत्तीचे उदाहरण पाहावे. हत्ती हत्तिणीच्या संगाने खड्ड्यात पडतो, ही गजबंधाची खरीखुरी रीत असून ती तेथे जशीच्या तशी राहिली आहे. माशाच्या बाबतीत गळाचे आमिषही खरे. हरणाच्या बाबतीतही मादी, पाडस अथवा प्रतिस्पर्धी यांपैकी काहीही खरे ठरले असते. परंतु स्पर्शाची व कामाची जागा हत्तीने अडविली होती आणि श्रोत्रेंद्रियासाठी प्राणी हवा होता. आवाजाने हरीण येते एवढा भाग अनुभवाचा होता. त्या आवाजातून हाकेचा अर्थ काढून टाकला आणि केवळ माधुर्य ठेवले, म्हणजे श्रोत्रेंद्रियाचा विषय तयार झाला. नाद शिल्लक राहिला, शब्द गेला. गाण्याची समजूत ग्रीसमध्येही होती हे वर आलेच आहे. म्हणून चौकटीने ती निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा चौकटीने तिची निवड केली व तीच टिकविली असे म्हणणे अधिक सुरक्षित होईल.

या निवडीने जे घडले ते लहान नाही. आईच्या मायेने आलेली हरिणी, हद्द राखण्यासाठी आलेला नर, जोडीदार शोधीत आलेले जनावर, या सर्वांच्या येण्याला कारण आहे. ते कारण खरे असून फसवणूक बाहेरची आहे. गाण्याला भुलून आलेल्या हरणाचे मात्र स्वतःचेच चुकते. पारध्याचा कपटी आवाज उपमानातून जवळजवळ पुसला जातो आणि उरते ती हरणाची चैन. मरणाऱ्यावरच मरणाचा दोष ठेवण्याची ही सोय नीतिपर वाङ्मयास फार आवडलेली आहे.

महाकाव्ये या बाबतीत अधिक जाणती ठरतात. महाभारताच्या आदिपर्वात पांडू राजा मृगरूपाने रममाण झालेल्या किंदम ऋषीस बाण मारतो. मरता मरता तो मृग मनुष्यवाणीने राजाशी वाद घालतो, आणि हा वाद आपल्या वाङ्मयातील शिकारीच्या नीतीची बहुधा सर्वांत सूक्ष्म चर्चा आहे. राजा म्हणतो, मृगया हा राजांचा धर्म आहे. मृग ते नाकारीत नाही. मृग मारला याबद्दल त्याची तक्रारच नाही. समागमाच्या क्षणी मारला, थांबला नाही, याबद्दल आहे. माजाच्या काळात जनावर असावध असते हे प्रत्येक पारध्यास माहीत असते आणि त्याचे सारे बोलावणे त्यावरच उभे असते. व्यासांनी नेमके तेथे बोट ठेवले. तेथे दोष मृगाच्या कामाचा नाही, त्या कामाचा फायदा घेणाऱ्याचा आहे.

रामायणात तर हा सारा व्यापार उलटा झाला आहे. अरण्यकांडातील सुवर्णमृग शिकाऱ्यास ओढून नेतो, आणि बाण लागल्यावर मारीच रामाच्या आवाजात सीता-लक्ष्मणांना हाक मारतो. हरणाची नक्कल करणारा शिकारी आपण वर पाहिला. येथे हरीण शिकाऱ्याची नक्कल करीत आहे. ही हाक गोड नाही. ती संकटातल्या आप्ताची हाक आहे, आणि म्हणूनच ती सीतेस हलविते. लक्ष्मण ती खोटी असावी असे ओळखतो व जागचा हलत नाही; त्यावर सीता त्याला जे बोलते ते सर्वश्रुत आहे. सीतेला नादलुब्ध म्हणण्याचे धाष्टर्य कोणा टीकाकारास झालेले नाही. मग पाडसाचा टाहो ऐकून आलेल्या हरिणीलाच ते विशेषण का लावावे?

कालिदासाने हाच उलटा व्यापार खेळकरपणे योजला आहे. ‘शाकुंतला’च्या प्रस्तावनेत सूत्रधार नटीला सांगतो, की वेगवान हरणाने दुष्यंताला ओढून न्यावे तसे तिच्या गीतरागाने आपल्याला ओढून नेले, आणि पुढच्याच क्षणी रथावरील राजा हरणामागे प्रवेश करतो. गीताने भुलला तो माणूस, भुलविले ते हरणाने. रागमालेच्या चित्रांतील तोडी रागिणीही येथे आठवते. वीणा घेतलेल्या स्त्रीभोवती काळविटे गोळा झाली आहेत आणि पारधी कोठेच नाही. मोहाला मरण जोडलेले नसले, की नादलुब्धता हा दोष राहत नाही, हे चित्रकाराने न सांगता दाखविले आहे.

मराठी संतवाङ्मयात या उपमानाची खरी कसोटी लागते, कारण तेथे हरणे दोन आहेत. एक भागवताकडून आलेले, विषयलोलुप जीवाचे. दुसरे संतांच्या स्वतःच्या जिव्हाळ्यातून आलेले. वनात वणवा लागला असता पाडसाची चिंता करणारी नामदेवांची हरिणी या दुसऱ्या जातीची. आगीत पडलेल्या बाळाकडे धावणाऱ्या मातेच्या, पिलाकडे झेपावणाऱ्या पक्षिणीच्या पंक्तीत ती बसते आणि भक्ताकडे धावणाऱ्या देवाचे उपमान होते. आता दोन्ही हरणांची कृती शेजारी ठेवून पाहावी. दोन्ही ठिकाणी हरीण आपल्या ठिकाणावरून हाकेकडे, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता, धावत आहे. एका ठिकाणी तो मोह ठरतो, दुसऱ्या ठिकाणी वात्सल्य. एका ठिकाणी जीवाचे पतन, दुसऱ्या ठिकाणी देवाची करुणा. शिकारीच्या विद्येत या दोहोंत भेदच नाही, कारण पाडसाच्या टाहोची नक्कल करणारा शिकारी नामदेवांच्याच हरिणीला बोलावीत असतो. मराठी टीकेने या दोन हरणांची गाठ कधी घालून दिली नाही. निवृत्तिमार्गी उपमान परंपरेने आले म्हणून राहिले. भक्तिमार्गी उपमान अनुभवातून आले. दोहोंपैकी रानाला अधिक जवळचे कोणते, हे वरील विवेचनावरून उघड आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. दृष्टांत हा दृष्टांतच असतो, त्यास प्राणिशास्त्राचा गज लावू नये. आक्षेप वजनदार आहे आणि चकोराच्या बाबतीत तो पूर्ण मान्य करावा लागेल; चकोर चांदणे पितो असे म्हटल्याने चकोराचा अपराध होत नाही. परंतु ज्या दृष्टांतात कोणीतरी मारला जातो आणि दोष मेलेल्याचा ठरतो, तेथे मारणाऱ्याने काय केले हे विचारण्याचा वाचकास अधिकार आहे.

तो प्रश्न स्वतःस विचारणारा एक लेखक या संदर्भात नमूद करण्यासारखा आहे. हेन्री डेव्हिड थोरो १८५३ मध्ये मेनच्या अरण्यात गेला, तेव्हा त्याचा पेनॉब्स्कॉट वाटाड्या भूर्जाच्या सालीचा कर्णा करून मूस जातीच्या महाकाय हरणांना हाक घालीत असे. १८५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व पुढे ‘द मेन वुड्स’ या पुस्तकात आलेल्या त्या वृत्तांतात कर्ण्याचे वर्णन कुतूहलाचे आहे. प्रत्यक्ष मारली गेली ती एक मादी. ती त्या कर्ण्याने आली नव्हती, ओढ्याकाठी आढळली होती. तिची मोजमापे थोरोने दोरीने घेतली, आणि नंतर या साऱ्या उद्योगाची त्याला शिसारी आली. केवळ मारण्याच्या समाधानासाठी असे जनावर मारणे त्याला शेजाऱ्याचे घोडे रात्री जाऊन मारण्यासारखे वाटले. मूस का सापडली, तिचे कोणते इंद्रिय अनावर होते, असा प्रश्न त्याच्या मनात डोकावतही नाही.

आपल्याकडे हा प्रश्न पारध्यापर्यंत नेणारी कथा आहे, ती मात्र वेदान्ताच्या ग्रंथांत नसून व्रतकथेत आहे. श्रीधरांनी १७१८ मध्ये बारामतीस पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायात शिवरात्रीच्या रात्री बेलाच्या झाडावर बसलेला व्याध आहे. लोकांनी ही कथा आकाशातील मृग नक्षत्र व व्याधाचा तारा यांच्याशीही जोडली आहे. हा व्याध गात नाही, शीळ घालीत नाही, पाडसाचा आवाज काढीत नाही. पाण्यावर येणारी हरणे त्याला सापडतात. ती आपल्या माणसांचा निरोप घेऊन परत येण्याची मुदत मागतात, आणि खरोखर परत येतात. पारध्याच्या कोणत्याही खोट्या आवाजाने आणले नसते अशा रीतीने, दिलेल्या शब्दाने ती आपल्या पायांनी येतात. ‘शब्द’ या मराठी पदाचे आवाज व वचन असे दोन्ही अर्थ येथे एकत्र भेटतात. आणि नक्कल जर या कथेत कोणी केली असेल, तर ती खुद्द व्याधाने. त्या दिवशी रानात जाताना देवळातील शिवनामाचा घोष त्याच्या कानी पडला होता, आणि अर्थ मनात न धरता, निव्वळ थट्टेने, तो तेच नाम उच्चारीत निघाला होता.